सुट्टीवरून आलात ना, मग आधी घड्याळ लावा, काटा नंतर बघू

तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बाबालोकांची कथा हीच असते, फक्त गावाचं नाव बदलतं. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ४२, हिंजवडीत आयटीत नोकरी, बायको-मुलांबरोबर सोळा दिवस गुहागरला सासुरवाडीला राहून आलात, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा. जाताना वजन ७८ होतं, आल्या आल्या काट्यावर उभे राहिलात तर ८१.६. मार्चमध्ये तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आली म्हणून सुरू केलेली जिम आणि सकाळचं चालणं दोन्ही बंद पडलंय, पोरं रात्री साडेबाराशिवाय आडवी होत नाहीत, शाळा आठवड्यावर आलीय. म्हणून सोमवारपासून सात दिवस नुसता ज्यूस, आणि रोज दीड तास जिम असा बेत केलाय तो बरोबर आहे का, आणि जुलैत मित्रांच्या फॅमिलींबरोबर लोणावळ्याला जायचं ठरलंय ते रद्द करू का, हे दोन प्रश्न.

ज्यूस रद्द करा, लोणावळा ठेवा. मी पुण्यात एकोणीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि सुट्टीनंतर माणूस घसरतो तो सुट्टीतल्या खाण्यामुळे कमी आणि परत आल्यावरच्या पहिल्या दहा दिवसांत स्वतःला जी शिक्षा करतो तिच्यामुळे जास्त, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता पैज लावायला तयार आहे.

आधी ते ३.६ किलो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७७०० कॅलरी, हा हिशोब धरला तर ३.६ किलो निव्वळ चरबी चढायला सोळा दिवसांत जवळपास २७,७०० कॅलरी जास्तीच्या पोटात जायला हव्यात, म्हणजे रोज सतराशेच्या वर, आणि त्या नेहमीच्या जेवणाच्या वरच्या. एक पुरी ८० ते १०० कॅलरीच्या घरात धरा, म्हणजे पोटभर जेवून वर रोज अठरा-वीस पुऱ्या. सासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी हे रोज सोळा दिवस जमणारं काम नाही. मग वजन कुठून आलं, तर बरंचसं पाण्याचं. भात, आंबा, गोडधोड वाढलं की शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे पुढे वापरायच्या साखरेचा, साठा भरून ठेवतं, तो चारशे-पाचशे ग्रॅमपर्यंत असतो आणि एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. त्यात पापड, लोणचं, फणसाचे तळलेले गरे, वाटेत गाडीत फोडलेली वेफर्सची पाकिटं, ह्या सगळ्याचं मीठ, तेही पाणी धरतं. घाटातून सात-आठ तास बसून आलात, पोट साफ झालेलं नाही, ते वेगळंच. खरी चरबी त्यात किलो-दीड किलो असेल फार तर.

म्हणून आता काटा कॉटखाली सरकवा. आठव्या दिवशी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी काढा, तो आकडा धरायचा. ज्यूसवाल्यांचा सगळा धंदा ह्याच पाण्यावर चालतो हे सांगून ठेवते. तुम्ही नुसते घरचं साधं खाल्लंत तरी चार-पाच दिवसांत दीड-दोन किलो उतरणारच असतात, ते श्रेय बाटलीला जातं. आणि तुमची शुगर बॉर्डरवर आहे (५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या अलीकडचा पट्टा), तुम्हाला चोथा काढून टाकलेला फळांचा रस सात दिवस प्यायला सांगणं म्हणजे तहानलेल्याला खारे शेंगदाणे देणं. कुणी बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या घेणारं हे वाचत असेल तर त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले उपास करूच नयेत, चक्कर येऊन पडतात लोक.

आता मुख्य गोष्ट. सुट्टीत तुमचं काय बिघडलं? तुम्ही लिहिलंय 'सगळंच'. मला नाही तसं वाटत. तुमच्याच प्रश्नात आहे बघा, रोज संध्याकाळी पोरांना घेऊन समुद्रावर जात होतात, तासभर वाळूत चालणं-पळणं व्हायचं, वेळणेश्वरला आणि हेदवीला गेलात, विहिरीवर पोहरा ओढलात, सगळे एका पंगतीला बसून जेवत होतात, ऑफिसचा फोन बंद होता. मुलाचा आणि तुमचा इतका वेळ एकत्र वर्षभरात जात नाही. पुण्यात आल्यावर तुम्ही जे 'हेल्दी रुटीन' परत आणायचं म्हणताय त्यात ह्यातलं एकही नाही, त्यात तुम्ही एकटे सकाळी साडेपाचला जिमला, एकटे रात्री साडेनऊला सॅलड. सोळा दिवस बाबा सोबत होता आणि सोमवारपासून गायब. टिकेल का? माझ्याकडे एक बँकेतले गृहस्थ यायचे, दर ट्रिपनंतर पंधरा दिवस कडक पाळायचे, घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत, सोळाव्या दिवशी पोरांनी हट्ट केला की पिझ्झा मागवायचे आणि सहा तुकडे एकटे खायचे. तीन वर्षांत सहा किलो वाढले. त्यांची ट्रिप दोषी नव्हती हो.

बिघडलं असेल ते घड्याळ. उठणं, जेवणं, झोपणं ह्या तिन्हीच्या वेळा दोन-अडीच तासांनी पुढे सरकल्यात, तुमच्याही आणि पोरांच्याही. ते आधी जागेवर आणायचं, मग जेवण, मग व्यायाम, ह्याच क्रमाने. उलट करायला गेलं की, म्हणजे रात्री एकला झोपून पहाटे साडेपाचला जिमला गेलं की, दिवसभर भूक खवळलेली राहते, चार वाजता कॅन्टीनचा वडापाव दिसतो, आणि माणूस म्हणतो माझ्यात विल पॉवर नाही. झोप कमी झाली की भूक वाढते, त्यात विल पॉवरचा काही संबंध नाही.

घड्याळ लावायचं ते सकाळच्या बाजूने लावायचं, इथेच बहुतेक घरांत चुकतं. आईबाप रात्री नऊला लाइट बंद करून पोरांवर ओरडत बसतात, झोप न आलेलं पोर अंधारात कसं झोपेल? आज ते साडेनऊला उठत असेल तर उद्या नऊला उठवा, परवा साडेआठला, रोज अर्धा तास अलीकडे, सात दिवसांत सहावर येता. उठवलं की पाच मिनिटांत गॅलरीत किंवा खाली, तोंड न धुता गेलं तरी चालेल, कारण डोळ्यांत सकाळचा उजेड जाणं हे मेंदूतलं घड्याळ मागे ओढायचं सगळ्यात मोठं साधन आहे. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे पावसाळ्याची सबब नको. दुपारी झोप आलीच तर वीस मिनिटं, त्याच्यावर नाही. मग रात्री झोप आपोआप अलीकडे येते. नऊ वर्षांच्याला किमान नऊ तास लागतात, बारापर्यंतही चालतात, तेरा वर्षांच्या मुलीला आठ ते दहा, तेव्हा व्हॅन पावणेसातला येणार असेल तर मुलगा नऊच्या आसपास झोपलेला हवा. (चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा शासन निर्णय २०२४ च्या फेब्रुवारीत निघालाय, तुमच्या शाळेत काय चाललंय ते एकदा पालकसभेत विचाराच.) आणि मामेभावंडांबरोबर रात्री मोबाइलवर गेम खेळायची जी सवय लागलीय ती तोडायला एकच उपाय मला चाललेला दिसलाय, रात्री साडेआठला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरातल्या एका डब्यात, सगळे म्हणजे बाबांचापण. 'मला ऑफिसचं काम असतं' हे ऐकल्यावर पोरगी तुमच्याकडे कशी बघते ते एकदा बघा.

एक चूक मात्र करू नका, 'चला, मजा संपली, आता अभ्यास' हे वाक्य तोंडातून काढू नका, त्या एका वाक्याने पोरांच्या डोक्यात नियमाने राहणं म्हणजे मजेच्या उलट काहीतरी असं पक्कं बसतं आणि मग वरणभात पण शिक्षा वाटायला लागतो.

आता खाण्याकडे येऊ. सुट्टीवरून आलं की फ्रीज रिकामा, बायको दमलेली, मळक्या कपड्यांचा ढीग, मग पहिल्या रात्री बाहेरून मागवतात, दुसऱ्या रात्री 'अजून भाजी आणली नाही' म्हणून, तिसऱ्या रात्री सवय म्हणून. हे तीन दिवस सोळा दिवसांपेक्षा महाग पडतात असं माझं मत आहे. तुमचे ते दिवस होऊन गेले असतील, पुढच्या वेळेसाठी सांगते, निघायच्या आधी डाळ-तांदूळ एका डब्यात मोजून ठेवायचे, आल्यावर हातपाय धुतले की बाबांनी कुकर लावायचा, मुगाची खिचडी, वर तूप, पापड हवा तर भाजलेला. खिचडीला कुणी नाही म्हणत नाही, आठ तास घाटात हलून आलेल्या पोटाला तर ती देवासारखी.

बाबांनी म्हटलं ते मुद्दाम. तुमच्या प्रश्नात 'मिसेसला सांगितलंय की सोमवारपासून ऑइल-फ्री, माझ्यासाठी वेगळं' असं वाक्य आहे. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. म्हणजे एका घरात आता तीन स्वयंपाक, तुमचा वेगळा, पोरांचे डबे वेगळे, आणि तिने उरलेलं खायचं. तिचीही सुट्टी संपलीय हो. ज्या बदलाने बायकोचं काम वाढतं तो बदल आठ दिवसांच्या वर टिकत नाही, हे अनुभवाने सांगते. काम तुम्ही उचला: रात्री मटकी किंवा मूग भिजत घाला, काकडी-गाजर-बीट चिरून ठेवा, सकाळचा नाश्ता तुमच्याकडे घ्या. मुगाचं धिरडं, भाज्या घातलेले पोहे वर मूठभर शेंगदाणे, दोन अंडी आणि एक पोळी, ह्यातलं काय येत नाही? जेवण सगळ्यांना एकच ठेवा, पोळी-भाजी-वरण-भात-कोशिंबीर, फक्त तुमच्या ताटात मांडणी बदला, आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळ्या दोन, भात शेवटी एक मूद. शुगर बॉर्डरवर असलेल्यांना ह्या क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची उसळी कमी येते. रात्रीचं जेवण आठच्या आत, ऑफिसमुळे जमत नसेल तर सातला ऑफिसमध्येच डबा खा आणि घरी येऊन पोरांबरोबर वाटीभर ताक घेऊन बसा. पंगत चुकवू नका.

आंब्याचं विचारलंय. दीड पेटी आणलीत, आता टाकू का? टाकू नका, वेडे आहात का! एका मध्यम हापूसचा गर दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे साधारण नव्वद कॅलरी, त्यात काही पाप नाही. घात होतो तो वाटीभर रसात दोन चमचे साखर आणि बरोबर पाच-सहा पुऱ्या ह्याने. तेव्हा माणशी एक आंबा, फोडी करून किंवा चोखून, दुपारी चार-पाचला, जेवणावर नाही. रस-पुरी एका रविवारी, ठरवून, मोजून, पोटभर. उरलेले सोसायटीत वाटा, कोकणातून आलेल्या माणसाने चार घरी आंबे द्यायचेच असतात. फणसपोळी, आंबापोळी, खाजं ही खाऊची पिशवी टीव्हीसमोरच्या टेबलावरून हलवून वरच्या फळीत घट्ट डब्यात, हे एक काम आजच करा, जे दिसतं ते खाल्लं जातं. आणि तिथून कुळथाचं पीठ आणि कोकमाचं आगळ आणलंय म्हणालात, ते मात्र पुढे ठेवा. आठवड्यातून दोनदा रात्री कुळथाचं पिठलं आणि भाकरी किंवा मऊ भात, साखर न घालता सोलकढी. सासरहून सोनं आणलंत आणि वर ज्यूसच्या बाटल्या ऑर्डर करताय!

व्यायामाचं थोडक्यात. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने दम थोडा कमी होतो, ताकद फारशी जात नाही, म्हणजे तुम्ही शून्यावर आलेला नाहीत. पहिले तीन-चार दिवस जिमला जाऊच नका, फक्त सकाळी पोरांना उजेडात न्यायचं आहेच तेव्हा त्यांच्याबरोबर वीस मिनिटं चाला, आणि दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली, शुगरसाठी ही शतपावली माझ्या मते जिमपेक्षा जास्त कामाची, फुकट आहे म्हणून लोक तिला भाव देत नाहीत इतकंच. मग जिम सुरू करा, पण निम्मा वेळ आणि नेहमीच्या निम्म्याच वजनांनी, दुसऱ्या आठवड्यात पाऊण, तिसऱ्यात पूर्ण. पहिल्याच दिवशी दीड तास केलात तर अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं, जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि मग जिम आणखी आठ दिवस लांबते. छातीत दडपण, डावा हात-जबडा दुखणं, नेहमीच्या चालण्यालाही धाप, असलं काही झालं तर डॉक्टरकडे, इथे विचारत बसू नका. एचबीए१सी आत्ता करू नका, ती मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगते, आत्ता केली तर आंब्याचा मोसम दिसेल आणि उगीच खचाल. सप्टेंबरच्या सुरुवातीला करा. मधल्या काळात खूप तहान, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं असं झालं तर मात्र थांबू नका.

आणि रविवार पोरांना द्या, ही माझी एकच अट समजा. आपल्याकडे बाबांबरोबर बाहेर म्हणजे खायला, मॉलमध्ये फिरून वरच्या मजल्यावर खाणं, सिंहगडाला गाडीने वरपर्यंत जाऊन भजी-पिठलं-भाकरी-मटक्यातलं दही आणि फोटो काढून खाली. खाणं काढून टाका असं मी म्हणत नाहीये, मीही ते दही सोडत नाही, पण आधी पायांनी कमवा. आतकरवाडीतून चढून जा, मुलगा नऊचा आहे, थांबत थांबत दीड-दोन तासांत आरामात येतो, मग भाकरी खा, काय लागते बघा. दर रविवारी गड नाही जमणार, तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या, नाहीतर वेताळ टेकडी, पाण्याची बाटली आणि खिशात चणे-दाणे, घरी येऊन नाश्ता. माझे यजमान आमच्या लेकीला तळजाईला न्यायचे, चालताना ती शाळेतलं जे सांगायची ते घरात कधी बोलली नाही, मला नंतर यजमानांकडून कळायचं. ती आता बंगलोरला असते, पुण्यात आली की पहिल्या सकाळी दोघं तळजाईला, मला चहा एकटीला प्यावा लागतो.

आता लोणावळा. जा, पण मित्रांना एक सुचवून बघा, गाड्या काढून एक्सप्रेसवेच्या रांगेत तीन तास काढण्यापेक्षा शिवाजीनगरहून सकाळची लोकल धरा आणि लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीला उतरा. तिथून भाज्याची लेणी चालत जाण्यासारखी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी, पायऱ्या चढून वर गेलं की पावसात समोरची हिरवी दरी दिसते, नऊ वर्षांच्या पोराला तेवढं पुरे. मोठी मुलं आणि दमदार बाबालोक असतील तर पुढे लोहगड, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांतला तो एक, पण लेणी आणि गड दोन्ही पोरांसकट एका दिवसात रेटू नका. धबधब्याच्या आणि धरणाच्या पाण्यात कुणालाही उतरू देऊ नका, पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी बंदी घालतं, निघायच्या आदल्या दिवशी ते बघून घ्या. सॅकमध्ये दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, आणि प्रत्येकाचा एक कोरडा टीशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत. खाली आल्यावर मक्याचं कणीस खा, भज्यांची एक प्लेट चौघांत घ्या. आणि परतीच्या लोकलमध्ये मुलगा तुमच्या खांद्यावर झोपला तर शिवाजीनगर येईपर्यंत झोपू द्या, त्या दिवशीपुरता दुपारच्या झोपेचा वीस मिनिटांचा नियम माफ.